पाण्याचा रोध आणि वायूची पोकळी

कमरेइतक्या पाण्यातून चालण्याचा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांवर केव्हा ना केव्हा आलाच असेल. काठावरून झपझप चालत आलेला मनुष्य नदीत उतरताच एकेक पाऊल मोजून टाकू लागतो. पाणी त्याला अडवते, मागे ओढते. याचे कारण उघड आहे. हवेच्या मानाने पाणी सुमारे ८०० पट जड आणि ५० पटींहून अधिक चिकट आहे. शिवाय या रोधाचा एक कडक नियम आहे. वेग दुप्पट केला की रोध सुमारे चौपट होतो, आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती सुमारे आठपट होते. बोट असो, पाणबुडी असो, की पाणतीर असो, या हिशेबातून कोणाचीच सुटका नाही.

तेव्हा असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे की, पाण्यात राहूनही पाण्याचा स्पर्श टाळता येईल काय? अळवाच्या पानावर पाण्याचा थेंब पडतो, पण पान भिजत नाही. पान आणि थेंब यांच्यामध्ये हवेचा एक अत्यंत पातळ थर राहतो. तसाच हवेचा किंवा वाफेचा थर पाण्यातून धावणाऱ्या वस्तूभोवती राखता आला, तर तिला रोध किती व्हावा? हा प्रश्न आज मोठमोठ्या संगणकांवर सोडवला जातो. त्या गणिताची हकीकत आज आपणांपुढे मांडावयाची आहे. ती हकीकत जितकी पाण्याची आहे, तितकीच गणितावर विश्वास कोठवर ठेवावा याचीही आहे.

प्रारंभ अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी झाला. फ्रेंच गणिती द'अलांबेर याने १७५२ साली द्रवांच्या रोधावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. पाण्याला चिकटपणा मुळीच नाही आणि ते वस्तूच्या पृष्ठभागाला सर्वत्र लगटून वाहते, असे धरून त्याने गणित मांडले. उत्तर आले शून्य. पुढून जितका दाब वस्तूला मागे रेटतो, तितकाच दाब पाठीमागून तिला पुढे ढकलतो, आणि एकूण रोध काहीच उरत नाही. हे उत्तर खोटे आहे, हे नदीतला कोणताही नावाडी सांगू शकला असता. परंतु गणितात चूक सापडेना. हे कोडे आपण पुढच्या गणितज्ञांवर सोपवीत आहोत, अशा आशयाचे उद्गार द'अलांबेरने १७६८ साली काढले.

चूक आकडेमोडीत नव्हती. ती पाण्याविषयी जे धरून चालले होते त्यात होती. खऱ्या पाण्याला थोडा का होईना चिकटपणा आहे. त्यामुळे वस्तूला लागून असलेला पाण्याचा पातळ थर तिच्याबरोबर फरफटत जातो. त्याचे घर्षण हा रोधाचा एक भाग झाला. दुसरा भाग असा की, हा थकलेला थर वस्तूच्या पाठीमागे पृष्ठभाग सोडून देतो आणि तेथे भोवरे उठतात. मग पाठीमागून मिळावयाचा आधाराचा दाब मिळत नाही. पुढून रेटा आणि मागून ओढ, अशी वस्तूची दुहेरी अडचण होते.

आता दुसरी बाजू पाहू. पाणी उकळण्यासाठी विस्तव लागतोच असे नाही. उंच डोंगरावर पाणी कमी उष्णतेवर उकळते, कारण तेथे हवेचा दाब कमी असतो. दाब आणखी उतरवीत नेला आणि तो साध्या वातावरणाच्या सुमारे चाळिसाव्या हिश्श्याखाली गेला, तर २० अंश सेल्सिअसचे थंड पाणीही उकळू लागते. वेगाने वाहणाऱ्या पाण्याचा दाब उतरतो, हे आपण शाळेत बेर्नुलीच्या नावाने शिकलो आहोत. पाण्यात एखादे पाते पुरेशा वेगाने फिरवले, तर त्याच्या पाठीवर दाब इतका उतरतो की तेथे थंड पाण्याची वाफ होऊन पोकळी पडते.

या पोकळीची ओळख अभियंत्यांना प्रथम शत्रू म्हणून झाली. १८९३ साली ‘डेअरिंग’ या ब्रिटिश विनाशिकेच्या चाचण्यांत अपेक्षित वेग मिळेना. यंत्राची ताकद पंख्याला पोहोचत होती, पण पंखा पाण्याला धड पकड घेऊ शकत नव्हता, कारण पात्यांवर पोकळ्या पडत होत्या. पात्यांचे क्षेत्रफळ वाढवल्यावर काम साधले. थोड्याच काळाने चार्ल्स पार्सन्स याच्या ‘टर्बिनिया’ या नौकेवरही तेच संकट आले. पार्सन्सने १८९५ च्या सुमारास एक लहानसे बंदिस्त पात्र तयार केले. त्यातील दाब उतरवून त्याने छोट्या पंख्यावर पडणाऱ्या पोकळ्या डोळ्यांनी पाहिल्या. नंतर त्याने एका दांड्याऐवजी तीन दांडे आणि प्रत्येकावर तीन, असे नऊ पंखे बसवले. १८९७ साली स्पिटहेड येथे राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवी आरमारी संचलनात हीच ‘टर्बिनिया’ ताशी ३४ सागरी मैलांच्या वेगाने युद्धनौकांच्या रांगांमधून धावली. ही वाफेची पोकळी मिटताना पाणी चहूंकडून तीवर कोसळते आणि क्षणभर प्रचंड दाब उत्पन्न होतो, हे लॉर्ड रॅले यांनी १९१७ साली गणिताने दाखवले. पितळी पंख्यांवर खड्डे का पडतात याचा उलगडा त्यातून झाला.

परंतु पोकळी लहान राहिली तरच ती अशी घातक. ती इतकी वाढली की संपूर्ण वस्तूच तिच्या पोटात सामावली, तर चित्र पालटते. मग पाण्याला फक्त वस्तूचे नाक शिवते. उरलेले सारे अंग वाफेत किंवा हवेत राहते. अशा वस्तूच्या पुढील टोकावर मुद्दाम एक सपाट चकती बसवतात. धारदार कडेवरून पाणी फाकते आणि मागे पोकळी उघडते.

पोकळी किती मोठी होईल, हे एका आकड्यावर ठरते. भोवतालच्या पाण्याचा दाब आणि पोकळीतील दाब यांमधील फरक घ्यावा, आणि त्याला धावत्या पाण्याच्या गतिजन्य दाबाने भागावे. जो भागाकार येईल त्याला आपण पोकळीचा अंक म्हणू. पृष्ठभागाजवळ सेकंदाला १० मीटर वेग असेल, तर हा अंक जवळजवळ २ येतो, आणि एवढ्याने वस्तूला कवेत घेणारी पोकळी बनत नाही. वेग सेकंदाला १०० मीटर केला, तर तोच अंक ०.०२ वर उतरतो. आता पाच सेंटिमीटर व्यासाच्या चकतीमागे सुमारे ३३ सेंटिमीटर जाडीची आणि साडेचार मीटर लांबीची, दोन्ही टोकांना निमुळती अशी पोकळी तयार होते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पोकळी झाली म्हणजे रोध नाहीसा झाला, असे नव्हे. तो नाकावर गोळा होतो. वर सांगितलेल्या पाच सेंटिमीटरच्या चकतीवर त्या वेगाने सुमारे ८४० किलोग्रॅम वजनाइतका रेटा बसतो, आणि नुसते तेवढे सोसण्यासाठी सुमारे अकराशे अश्वशक्ती खर्ची पडते. मात्र २४ सेंटिमीटर जाडीचा आणि ३ मीटर लांबीचा नळा पोकळीवाचून त्याच वेगाने ओढावयाचा म्हटला, तर नुसते घर्षणच ढोबळ हिशेबाने २००० किलोग्रॅम वजनाइतके होते. म्हणजे पोकळीमुळे लाभ होतो तो दुपटीअडीचपटीचा. चकती लहान करावी तर रोध घटतो, पण पोकळीही आखडते आणि वस्तूची पाठ किंवा शेपूट पाण्याला लागते. खोल पाण्यात दाब वाढला की वाफेची पोकळी अशीच आखडते. दहा मीटर खोलीवर दाब जवळजवळ दुप्पट, म्हणून पोकळीचा अंकही दुप्पट. हे टाळण्यासाठी नाकाच्या मागून वायू सोडून पोकळी फुगवावी लागते. जर्मनीत राइखार्ट याने दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हवा सोडून केलेल्या पोकळ्यांचे आकार मोजले, आणि त्याची सूत्रे अभियंते आजही वापरतात.

मग सूत्रे असताना संगणक कशाला? याचे उत्तर या प्रश्नाच्या स्वभावात आहे. पुलाखालून वाहणाऱ्या पाण्याचे गणित करताना पुलाचा खांब कोठे आहे हे आपणांस आधी ठाऊक असते. पोकळीच्या बाबतीत पाण्याची सीमाच अज्ञात असते. पोकळीचा आकार कळल्यावाचून प्रवाह कळत नाही, आणि प्रवाह कळल्यावाचून पोकळीचा आकार कळत नाही. दोन्ही एकदमच शोधावी लागतात.

हे कार्य काही सोप्या प्रसंगांपुरते जुन्या गणितज्ञांनी हातांनी केले. १८६८ साली हेल्महोल्ट्झने आणि १८६९ साली किर्खहॉफने असे धरले की, प्रवाहात आडव्या धरलेल्या पट्टीच्या कडांपाशी पाणी पट्टीला सोडून देते आणि मागे अनंतापर्यंत पोकळी पसरते. या गणितातही चिकटपणा नव्हता, परंतु उत्तर शून्य आले नाही. रोधाचा गुणांक सुमारे ०.८८ भरला. द'अलांबेरच्या कोड्याला पडलेली ही एक मोठी फट होती. पाणी वस्तूला सर्वत्र लगटते, हे एक गृहीत सोडताच रोध प्रकट झाला. साध्या प्रवाहात प्रत्यक्ष मोजलेला गुणांक याच्या दुपटीहून अधिक असतो. पण पट्टीमागे खरोखरच मोठी पोकळी असेल, तर हा आकडा चांगला जुळतो.

तथापि ही कला दोन मितींच्या सुबक आकृत्यांपुरती चालते. गोल चकती, तिरपे नाक, वळण घेणारी वस्तू, वर ओढणारे उत्प्लावन, गळणारा वायू, हे सारे एकत्र आले की लेखणी थांबते. येथून संगणकाचे काम सुरू होते.

त्याची रीत समजण्यास कठीण नाही. वस्तूभोवतीच्या पाण्याचे लाखो लहान कप्पे कल्पावयाचे. प्रत्येक कप्प्यात वेग किती, दाब किती, आणि कप्प्याचा कितवा हिस्सा पाण्याने भरला आहे, हे आकडे नोंदवावयाचे. पूर्ण पाणी असेल तर १, निव्वळ वायू असेल तर ०, आणि मधला अपूर्णांक आला की तेथून पोकळीची कड जाते असे समजावयाचे. ही युक्ती हर्ट आणि निकोल्स या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९८१ साली सविस्तर मांडली. नंतर नाव्हिए आणि स्टोक्स यांच्या नावांनी प्रसिद्ध असलेली गतीची समीकरणे प्रत्येक कप्प्याला लावून संगणक सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशाने पुढे सरकतो, पुन्हा सारे आकडे काढतो, आणि पुन्हा पुढे सरकतो. अशा हजारो पावलांनंतर पोकळी कशी उघडली, कोठवर पोहोचली आणि नाकावर किती रेटा बसला, याचे चित्र उभे राहते.

हे चित्र पडद्यावर रंगीत दिसते आणि मनाला पटते. म्हणूनच येथे सावध राहणे आवश्यक आहे. पाण्यातील संक्षोभाचे बारीकसारीक भोवरे कप्प्यांहूनही लहान असतात. त्यांचा परिणाम अंदाजाच्या सूत्रांनी धरावा लागतो. पाण्याची वाफ किती वेगाने होते आणि वाफेचे पाणी किती वेगाने होते, यांची सूत्रेही घालावी लागतात, आणि त्यांतील काही स्थिरांक प्रयोगांवरून बसवलेले असतात. सर्वांत नाजूक जागा म्हणजे पोकळीची शेपूट. तेथे दोन्ही बाजूंचे पाणी एकमेकांवर आदळते आणि त्यातील काही पोकळीतच उलटे शिरते. वायूही तेथूनच गळतो. कधी तो फेसाळ धक्क्यांनी सुटतो, तर कधी गुरुत्वाचा प्रभाव वाढला की दोन पिळदार भोवऱ्यांच्या नळ्यांतून निसटतो. जितका वायू गळेल तितका आतून पुरवावा लागतो. ती गळती चुकीची मोजली गेली, तर पोकळीतील दाब चुकतो आणि मग तिचा आकारही चुकतो.

कोणी म्हणेल, एवढी शंका आहे तर प्रयोगच का करू नयेत? प्रयोग करावेतच. पण प्रयोगालाही स्वतःची अडचण आहे. प्रयोगशाळेतील पाण्याच्या बोगद्यात सेकंदाला १०० मीटर वेग मिळणे दुरापास्त. १० मीटर वेग ठेवून हवा आत सोडली, तर पोकळीचा अंक ०.०२ पर्यंत आणता येतो. परंतु हिशेब करून पाहा. त्या वेगाला ०.०२ या अंकाचा अर्थ असा की, पोकळीच्या आतील आणि बाहेरील दाबांत फक्त १० सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका फरक आहे. मग पोकळीच १० सेंटिमीटर जाडीची असेल, तर तिच्या तळाचा आणि माथ्याचा दाब तेवढ्यानेच वेगळा पडतो! पोकळी वाकडी होऊन तिची शेपूट वर उचलली जाते. खऱ्या १०० मीटर वेगाला मात्र तोच अंक म्हणजे दहा मीटर पाण्याच्या उंचीचा फरक, आणि तेथे १० सेंटिमीटरची मातब्बरी नाही. अर्थात प्रयोगातील पोकळी ही खऱ्या पोकळीची नुसती लहान प्रतिकृती नसते. या दोहोंमधील दरी गणितानेच ओलांडावी लागते. आधी संगणकाने प्रयोगातलीच वाकडी पोकळी, तिच्यातील गुरुत्वासकट, काढून दाखवावी. ती जुळली, तरच मोठ्या वेगाच्या पोकळीविषयी त्याचे म्हणणे ऐकावे. विशाखापट्टणम येथे १९६९ साली स्थापन झालेल्या नौदल विज्ञान व तंत्रज्ञान प्रयोगशाळेत पोकळ्यांच्या अभ्यासासाठी जलबोगदा आहे, त्याचे कारण हेच. संगणक आले म्हणून असे बोगदे निकामी झाले नाहीत.

अशा पडताळ्याचे एक सुंदर उदाहरण सांगतो. तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडले तर थेंब चटकन आटून न जाता टणाटणा नाचतात. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि ती त्याला तव्यापासून अलग ठेवते. लायडनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने १७५६ साली याचे वर्णन केले. आता हेच उलट करा. थेंबाऐवजी धातूची गोळी तापवा आणि ती खोल टाकीतील द्रवात वेगाने सोडा. सौदी अरबस्तानातील राजे अब्दुल्ला विद्यापीठात वाकारेल्स्की आणि त्यांचे सहकारी यांनी हे केले, आणि २०१७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. गोळीभोवती थेंबासारख्या निमुळत्या आकाराची एक मोठी वायूची पोकळी बनली आणि गोळी तिच्यासकट खाली गेली. गोळी न तापवता तिच्यावर अळवाच्या पानासारखा पाणी न धरणारा लेप दिला, तरी साध्या पाण्यात हेच घडले. अशा पोकळीचा रोध तेवढ्याच आकाराच्या घन वस्तूच्या रोधाच्या दहाव्या हिश्श्याहूनही सामान्यतः कमी भरला. विशेष हे की, पोकळीचा आकार कोणी कोरला नव्हता. तो पाण्याने आपणच ठरवला, आणि चिकटपणा वगळलेल्या बेर्नुलीच्या समीकरणाशी तो जुळला.

द'अलांबेरचे शून्य येथे जवळजवळ हाती लागले. त्याने मांडलेले पाणी पृष्ठभागावरून घर्षणावाचून सरकणारे होते. असे घन पृष्ठ जगात मिळत नाही, पण वायूचे पृष्ठ त्याच्या बरेच जवळ जाते. मग आधीच्या चकतीला एवढा रोध का? कारण तेथे पाणी चकतीच्या कडेवरून उसवून बाजूला फेकले जाते, आणि पोकळीच्या शेपटीशी ते पुन्हा शांतपणे मिटत नाही. गोळीच्या पोकळीमागे ते जवळजवळ शांतपणे मिटते. दोन्हीकडे वायूच आहे, पण कड कोठे सुटते आणि कोठे मिळते यात सारे अंतर आहे. नुसती हवा घातली की रोध गेला, असे मानणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. कोणताही संगणकी नमुना या दोन्ही प्रसंगी खरा उतरला, तरच तो विश्वासास पात्र.

या ज्ञानाचा उपयोग कोठे झाला? प्रथम शस्त्रांत. सोव्हिएत संघाने १९७७ साली ‘श्क्वाल’ हा रॉकेटचा पाणतीर आरमारात आणला. तो पोकळीतून ताशी सुमारे २०० सागरी मैलांच्या वेगाने धावतो. साधे पाणतीर याच्या निम्मा वेगही क्वचितच गाठतात. परंतु पोकळीत शिरलेल्या वस्तूला पाण्याचा आधारही उरत नाही. तिला तोलून धरणे आणि वळवणे अवघड होते, आणि स्वतःच्याच गर्जनेत तिला दुसऱ्याचा आवाज ऐकू येत नाही. पाण्याचा रोध टाळला की पाण्याचे साहाय्यही गमवावे लागते.

शांततेच्या कामी याच विचाराचे सौम्य रूप अधिक मोलाचे आहे. जगातील व्यापारी मालापैकी, वजनाच्या मानाने, सुमारे ८० टक्के माल समुद्रमार्गे जातो. संथ मालवाहू जहाजाला पोकळीत घालणे शक्य नाही. परंतु त्याच्या सपाट तळाखाली हवेचे बुडबुडे किंवा हवेचा थर सोडून घर्षण कमी करता येते, आणि अशी योजना या शतकात काही जहाजांवर बसवली गेली आहे. हवा दाबून खाली सोडण्यास शक्ती लागतेच. ती वजा जाता काही उरते की नाही, हा हिशेब प्रत्येक जहाजाच्या आकारावर अवलंबून असतो, आणि तोही संगणकावर आधी करून पाहतात. निसर्गात हे कसब पूर्वीपासून आहे. एम्परर जातीचे पेंग्विन बर्फावर उडी घेण्यापूर्वी वेगाने वर येतात, तेव्हा पिसांत साठवलेल्या हवेचे बारीक बुडबुडे त्यांच्या अंगाभोवती सुटतात. त्यामुळे त्यांचा रोध कमी होत असावा, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखवण्यात आले.

श्रोतेहो, द'अलांबेरच्या हाती लेखणी होती, आपल्या हाती संगणक आहे. आकडेमोड त्याचीही निर्दोष होती. कोट्यवधी कप्प्यांचे गणित क्षणात करणारे यंत्रदेखील, त्याला पाण्याविषयी जे सांगितले असेल, त्याच्याच आधारे उत्तर देते. सांगणाऱ्याने कड कोठे सुटते, वायू कोठून गळतो, वाफ केव्हा मिटते, हे चुकीचे धरले, तर उत्तर दहा अंकांपर्यंत नेमके येईल आणि तरीही खोटे असेल. फरक इतकाच की, द'अलांबेरच्या उत्तरात शून्य होते, म्हणून ते खोटे असल्याचे सर्वांना तत्काळ दिसले. आजच्या उत्तरांत संभवनीय आकडे असतात, आणि संभवनीय आकड्यातली चूक सहज दिसत नाही. ज्या जहाजाचा तळ किंवा ज्या बुडीच्या यंत्राची पाठ अशा आकड्यांवर बेतली जाते, त्यावर माणसे चढणार असतात.

म्हणून संगणकाने उत्तर दिल्यावर अभियंत्याचे काम संपत नाही. ते उत्तर घेऊन त्याने पुन्हा पाण्याकडे जावे, टाकीत गोळी सोडून पाहावी, बोगद्यात पोकळीची लांबी मोजावी, आणि आकडे जुळले नाहीत तर आपण पाण्याविषयी काय धरले होते ते प्रथम तपासावे.